कानगणती

“ज्याचं कुणी ऐकून घेत नाही असा एकही माणूस यापुढे या महाराष्ट्रात उरणार नाही!”

मानवी दुःखाच्या इतिहासाला कलाटणी देणारी ही घोषणा योजनेच्या संचालकांनी बार्शीतल्या एका मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावरून केली, तेव्हा माईक बंद होता. पहिल्या रांगेतल्यांना त्यांचे ओठ हलताना दिसले. मागच्यांना तेही दिसलं नाही, कारण मधे सत्काराच्या हारांचा ढीग होता. टाळ्या मात्र दणकून पडल्या. साहेब बोलायचे थांबले की टाळ्या आणि टाळ्या थांबल्या की जेवण, हा क्रम समोर बसलेल्या शिक्षकवर्गाच्या अंगवळणी पडलेला होता.

त्या शिक्षकवर्गात करंडे सर होते. हेमंत करंडे, एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक. दमलेला माणूस. त्यांची दमणूक रविवारी झोप काढून जाणाऱ्यातली नव्हती; ती सकाळी दात घासायच्या आधीच अंगावर चढलेली असायची. आजवरच्या नोकरीत त्यांनी माणसं मोजली, मतदार मोजले, म्हशी मोजल्या, संडास मोजले, एका वर्षी झाडंही मोजली. आता कान मोजायचे होते. योजनेचं खरं नाव पाटीवर मावत नव्हतं, म्हणून गावाने तिची ‘कानगणती’ करून टाकली होती.

मागचं शास्त्र मात्र खोटं नव्हतं, आणि सर मूळचे विज्ञानाचे शिक्षक असल्यामुळे त्यांना ते आवडलंही होतं. एक माणूस बोलत असतो आणि दुसरा मनापासून ऐकत असतो, तेव्हा ऐकणाऱ्याचं शरीर बोलणाऱ्याच्या मागोमाग चालायला लागतं. बोलणाऱ्याची नाडी जलद झाली की जराशा अंतराने ऐकणाऱ्याचीही होते. त्याचा श्वास अडखळला की याचाही अडखळतो. त्याच्या तळव्यांना घाम सुटला की याच्याही सुटतो. नुसतं ‘हं, हं’ करणाऱ्याच्या शरीरात यातलं काहीच होत नाही. तिथे भाजी काय आणायची याचा विचार चालू असतो. आणि ऐकणारा खरा कसलेला असेल, तर मधलं ते अंतरही पुसलं जातं. पुढचा शब्द यायच्या आधीच त्याचं शरीर तिथे जाऊन उभं राहिलेलं असतं.

हे बघायला पूर्वी माणसाला खोलीएवढ्या यंत्रात झोपवावं लागे. आता कानामागे चिकटवायची एक टिकली निघाली होती. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांवरून ती नाडी, श्वास आणि घाम ओळखायची आणि आसपासच्या टिकल्यांशी ताडून बघायची. शब्द तिला कळत नसत. कुणाचं शरीर कुणाच्या मागे धावतंय, तेवढंच कळायचं. त्यातून जो आकडा निघायचा तो ‘श्रवणांक’.

मग कुणीतरी सिद्ध केलं की मानसोपचाराचा गुण येतो तो उपचार करणाऱ्याच्या पदवीपेक्षा त्याच्या श्रवणांकामुळे. इथे शास्त्रज्ञांचं काम संपलं आणि योजना आखणाऱ्यांचं सुरू झालं. मानसतज्ज्ञ शिकवून तयार करायला वर्षं लागतात, आणि तयार झालेले पुण्याला जातात. मग तयार करायचेच कशाला? गावोगाव ते आपोआप तयार होऊन पडलेले असणार. टिकल्या लावा, मोजा, आणि ज्याचा अंक वर येईल त्याच्या हातात नेमणूक द्या. पदाचं नाव, स्थानिक श्रोता.

टिकल्यांचे खोके स्कूटरवर बांधताना सरांच्या लक्षात आलं की नोकरीत पहिल्यांदाच एखाद्या मोजणीतून त्यांना स्वतःला काहीतरी हवं होतं. त्यांची मुलगी निहारा नववीत होती, आणि दिवाळीपासून ती बोलायची बंद झाली होती.

एक शब्दही नाही. घशाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं, सगळं जागच्या जागी होतं. ती जेवायची, शाळेत जायची, गणितं सोडवायची, हाक मारली की वळून बघायची. फक्त तोंड उघडायची नाही. सरांची बायको स्वप्ना एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दुपारच्या सुट्टीत तिने फोनवर ‘जवळचे मानसतज्ज्ञ’ शोधायला सुरुवात केली. पहिल्या पत्त्यावर मोबाईलची कव्हरं विकत होते. दुसऱ्या पत्त्यावरचे गृहस्थ समुपदेशनाबरोबर वास्तूही बघायचे. त्यांनी मुलीकडे न बघताच तिच्या पलंगाची उशी दक्षिणेला करायला सांगितली. तिसरं एक यंत्र होतं, फोनमधलं. फार मायाळू आवाज. निहारासमोर ते ठेवल्यावर ते म्हणालं, “तुमचा आवाज ऐकू आला नाही. कृपया पुन्हा बोला.” आणि मग तेच म्हणत राहिलं. निहाराने बराच वेळ त्याच्याकडे उत्सुकतेने बघितलं आणि शेवटी त्याला उशीखाली झाकून ठेवलं. जिल्ह्यातल्या एकमेव खऱ्या मानसतज्ज्ञ होत्या शबनम मुजावर. त्यांची वेळ मिळाली, पण ती उन्हाळ्यातली.

“उन्हाळ्यापर्यंत काय करायचं?” स्वप्नाने विचारलं.

“बघू,” सर म्हणाले. हा शब्द ते दिवसभरात इतका वापरत की तोंडातून तो आपोआपच गळायचा.

आता निहाराच्या गप्प बसण्याआधी त्या घरात एक जुनं गप्प बसणं होतं, ते सांगायला हवं. शिक्षक कॉलनीतलं वडिलांनी बांधलेलं घर दोन भावांनी वाटून घेतलं होतं. अलीकडे सर, पलीकडे त्यांचा थोरला भाऊ सुहास, म्हणजे दादा. दादाचं बाजारात चष्म्याचं दुकान. लग्न करायचं त्याच्याकडून राहून गेलेलं. वाटणीची भिंत घालायची वेळ आली तेव्हा दादा म्हणाला, एका विटेची जाड घालू. सर म्हणाले, अर्ध्या विटेची पुरे, खोल्या तरी मोठ्या राहतील. सरांचं चाललं. भिंत उभी राहिली आणि पलीकडे ठसका लागला की अलीकडच्या तांब्यातलं पाणी हलू लागलं.

“मी सांगितलं होतं,” दादा म्हणाला.

“मग कान झाकून घे,” सर म्हणाले.

तेव्हापासून अबोला. निहारा त्या वेळी बालवाडीत होती.

अबोला म्हणजे भांडण नव्हे. भांडणाला शेवट असतो. अबोला ही एक मार्गी लागलेली व्यवस्था असते आणि ती पाळायला शिस्त लागते. त्यात बोलायचं सगळं असतं, फक्त त्या माणसाशी नाही. नळाशी बोलावं, मांजराशी बोलावं, आकाशाकडे बघून बोलावं. आणि अगदीच अडलं तर मधे तिसरं माणूस घालावं. स्वप्नाने पहिल्याच आठवड्यात हात वर केले. “मी भाऊजींशी बोलेन, चहा देईन, सगळं करीन. पण मी तुमची पोस्ट नाही.” मग पोस्ट निहाराकडे आली.

“निहारा, काकाला विचार, मोटर चालू करू का?” सर अंगणातून म्हणायचे. दादा हाताच्या अंतरावर उभा असायचा.

“निहारा, बाबाला सांग, टाकी भरून वाहायला लागल्यावर विचारतोयस, अक्कल कुठे गहाण ठेवलीस?”

“बाबा, काका म्हणतात, नको.”

हे कापणं-छाटणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुधाचे दात पडायच्या वयात ती निरोपातली हाडं काढून नुसतं मऊ तेवढं पुढे द्यायला शिकली होती. दोघांनाही तिचं कौतुक. पोरगी गुणी आहे, असं दोघंही म्हणत, अर्थात वेगवेगळे.

दिवाळीत फराळाचं ताट घेऊन ती दोन फाटकांच्या मधोमध उभी होती. सर या बाजूने सांगत होते, “काकाला सांग, चकली कडक नाहीये, दात तपासून घे म्हणावं,” आणि दादा त्या बाजूने सांगत होता, “बाबाला सांग, तपासायचंच असेल तर आधी तेल बदल.” दोघं एकाच वेळी. निहाराने ताट कंपाउंडच्या कठड्यावर ठेवलं, आत आली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती बोलली नव्हती.

टिकल्या सगळ्या गावाने लावल्या. काहींनी दागिना म्हणून लावल्या, काहींनी बैलाच्या कानामागे लावून बघितल्या. सरांनी आपल्या घरात तीन लावल्या. पलीकडे दादाला लावायला शाळेचा शिपाई पाठवला. मोजणी संपली आणि निकाल घेऊन मुजावर मॅडम स्वतः शाळेत आल्या. योजनेची देखरेख त्यांच्याकडे होती. म्हणजे पूर्वी त्यांना जिल्ह्याची मनं बघावी लागत, आता जिल्ह्याचे कानही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात डबा.

“सर, जेवता जेवता बोलले तर चालेल? सकाळपासून मी नुसती ऐकतेय.”

“बोला ना डॉक्टर.”

“मी डॉक्टर नाही. मानसतज्ज्ञ आहे.”

“हो, डॉक्टर.”

त्यांनी ते सोडून दिलं. बऱ्याच गोष्टी त्यांनी सोडून दिलेल्या दिसत होत्या. पोळीचा तुकडा मोडत त्या म्हणाल्या, “तालुक्यात सर्वांत वरचे श्रवणांक कुणाचे आले असतील?”

“कीर्तनकार?”

“ते बोलतात, ऐकत नाहीत.”

“नर्स? सुईणी?”

“बांधावरून कोर्टात गेलेले चुलतभाऊ. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा. एका सोसायटीचे आजी आणि माजी अध्यक्ष.” त्या पाणी प्यायल्या. “टिकलीला कोण किती ऐकतंय ते कळतं, कशासाठी ऐकतंय ते नाही. प्रेमाने ऐका नाहीतर खोड काढायला ऐका, नाडी तशीच धावते. खरं सांगायचं तर खोड काढायला जरा जास्तच धावते.”

“हे तुम्ही वर कळवलं नाही?”

“कळवलं. गुणवत्तेचा प्रश्न असताना हेतू विचारात घेता येत नाही, असं उत्तर आलं. नेमणुका झाल्यासुद्धा. परवापासून ते माजी अध्यक्ष लोकांची दुःखं ऐकतायत. रांग लागलीय. लोक म्हणतात, इतकं बारकाईने आमचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.”

मग त्यांनी टॅबलेट सरांकडे फिरवला. “हा तुमचा आणि निहाराचा श्रवणांक.”

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. आकडा तरीही तळातच राहिला. “टिकली बिघडली असेल.”

“स्वप्नाताईंबरोबरचाही साधारण हाच आहे.”

सरांनी टॅबलेट परत सरकवला.

“आणि हा बघा. रोज संध्याकाळी, तुम्ही घरी आल्यानंतर. भिंतीच्या पलीकडे एक माणूस असतो. तो कुणाशी बोलतो ते टिकलीला कळत नाही, पण तुमचं शरीर त्याच्या शब्दाच्याही आधी धावतं. त्याचंही तुमच्या बाबतीत तेच. सर, मी लग्नाला महिना झालेली जोडपी तपासलीयत, तिथेही अशी रेघ बघितली नाही. कोण आहेत हे?”

“भाऊ,” सर म्हणाले. हा शब्द ते फार दिवसांनी उच्चारत होते. मग अबोल्याचं आणि निरोपांचंही सांगावं लागलं.

मॅडमनी तिसरी रेघ उघडली. ही रेघ नव्हतीच. चिंध्यांचा गुंता होता. “ही निहारा. ही सगळ्यांच्या मागे धावते. या बाजूला कुणी बोललं की या बाजूला, त्या बाजूला कुणी बोललं की त्या बाजूला. झोपेतसुद्धा धावते.” त्यांनी डबा बंद केला. “तिचा आवाज गेलेला नाही, सर. ती लहानपणापासून नोकरीवर होती. आता तिने राजीनामा दिलाय.”

बाहेर मैदानावर कवायतीची शिट्टी वाजत होती. सरांना एकदम खुर्चीत बसल्या बसल्या खाली बसावंसं वाटलं.

“मग आता उपाय?”

“एक तर मी, पण मी उन्हाळ्यात मोकळी आहे. नाहीतर स्थानिक श्रोता. मुलीशी जुळणी उत्तम हवी, घर जवळ हवं आणि तो आई-वडिलांपैकी नसावा. यंत्राने दोन नावं दिलीयत. एक बाई आहेत, त्यांना तुम्हीच शाळेतून काढलं होतं.”

“दुसरं?”

मॅडमनी नुसतं भिंतीकडे बघितलं. ती शाळेची भिंत होती, तरी सरांना कळलं.

“एक अट आहे,” त्या म्हणाल्या. “पालकाने श्रोत्याकडे स्वतः जाऊन, तोंडाने विनंती करायची. दोघांनी टिकल्या लावून. मधे माणूस चालणार नाही.”

“हा नियम कुणी केला?”

“मी. या सगळ्या योजनेत माझा तेवढा एकच नियम मंजूर झाला.”

संध्याकाळी सरांनी स्वयंपाकघरात जाऊन, भिंतीपासून जमेल तितकं लांब उभं राहून, स्वप्नाला सगळं हळू आवाजात सांगितलं.

“मग जा की,” ती म्हणाली.

“जाऊ कसा?”

“पायाने.”

“म्हणजे मी आधी बोलायचं?”

स्वप्नाने कणीक मळायची थांबवली. “अहो, घरातली मुलगी बोलत नाहीये आणि तुम्ही आधी कोण, नंतर कोण ते बघताय? तो माझा आकडा काय आला म्हणालात?”

“कमी आला जरा.”

“मला कळायला टिकली लागली नसती,” ती म्हणाली आणि पुन्हा कणीक मळू लागली. नेमका त्याच वेळी पलीकडे कुणीतरी खाकरलं. सरांची मान तिकडे वळली. बाहेरच्या खोलीत निहारा वर्तुळ काढत बसली होती. तिने मान वर केली, आधी वडिलांकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि कंपास पुन्हा कागदावर टेकवला. तेवढ्यात तिच्या चेहऱ्यावर जे येऊन गेलं ते सरांनी ओळखलं. दमणूक. रोज सकाळी आरशात तीच दिसायची त्यांना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते दुकानात गेले. कानामागे टिकली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दादा काच पुसत होता, त्याने वर बघितलं आणि मग समोरच्या उंच खुर्चीला उद्देशून म्हणाला, “पेशंटने बसावं.”

सर बसले. दादाने त्यांच्या नाकावर तपासणीची ती जड लोखंडी चौकट ठेवली, एक डोळा झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्याला सांगितलं, “पेशंटने वाचावं.”

सरांनी मोठी अक्षरं वाचली, मधली वाचली, बारीक चुकवली. दादा एक काच घालायचा, मग दुसरी. “हे बरं, की हे बरं?”

“हे.”

“आणि आता? हे बरं, की हे बरं?”

“पहिलं.”

यात अबोल्याचा भंग नव्हता. दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलत होता. दोघांनाही ही पळवाट मनातून पसंत पडली होती, आणि दोघांनीही ती जरा लांबवली. आणखी काचा झाल्या, आणखी बरं आणि आणखी कमी बरं झालं.

“पेशंटच्या डोळ्याला पाणी येतंय,” दादा तक्त्याला म्हणाला.

“दादा,” सर म्हणाले.

चौकटीतून दादा अर्धाच दिसत होता, तोही धूसर. सरांनी रात्रभर भाषण तयार केलं होतं. त्यात सुरुवातीला पार्श्वभूमी होती, मधे थोडं शास्त्र होतं, आणि आपण कोणत्या परिस्थितीत आलो आहोत याचा सन्मानपूर्वक खुलासा होता. त्यातलं काहीही तोंडातून निघालं नाही.

“निहाराशी बोल.”

दादाच्या हातातली काच तशीच राहिली. मग सवयीने तो शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे वळला. “निहारा, बाबाला सांग...” आणि थांबला. स्टुलावर कुणी नव्हतं. त्याने काच पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली.

“मला काय बोलता येतंय? मी चष्मे देतो.”

“ऐकता येतं ना.”

“ऐकायला काय. भिंतच तशी घातलीय एकाने.”

सरांच्या जिभेवर उत्तर आलं. चांगलं होतं, टोकदार होतं, आणि वर्षानुवर्षं वाट बघत होतं. त्यांनी ते गिळलं.

दादा थोडा वेळ काचांची पेटी लावत बसला. मग पेटीकडेच बघत म्हणाला, “तिचा आवाज बंद झाल्यापासून मी घरी रेडिओ लावत नाही. चुकून बोललीच तर ऐकू यायला हवी म्हणून.”

त्याने सरांच्या नाकावरची चौकट उतरवली. दादा अख्खा दिसला. म्हातारा झाला होता.

“नंबर वाढलाय तुझा,” तो म्हणाला. “डाव्याचा.”

पहिली बैठक दादाच्या बाहेरच्या खोलीत ठरली. मुजावर मॅडम देखरेखीला आल्या, खुर्ची ओढून कोपऱ्यात बसल्या आणि मांडीवर टॅबलेट ठेवून त्यांनी जांभई गिळली. निहारा शाळेतून तशीच आली होती. ती दिवाणावर बसली, शेजारी सर. स्वप्नाला नियमाप्रमाणे आत बसता येत नव्हतं, म्हणून ती भिंतीपलीकडे आपल्या घरात बसली. त्याने काही बिघडणार नव्हतं.

दादाने हातात काचांची पेटी घेतली होती, कारण मोकळे हात कुठे ठेवायचे ते त्याला सुचत नव्हतं. “हे बघ निहारा. मी दोन-दोन गोष्टी सांगतो. पहिली बरी वाटली तर एक बोट, दुसरी बरी वाटली तर दोन बोटं. काहीच बरं वाटलं नाही तर मूठ. कळलं?”

निहाराने त्याच्याकडे बघितलं. मग एक बोट वर केलं.

मॅडमनी मान वर केली.

“शाळा बरी, की घर बरं?”

एक बोट.

“घर बरं, की माझं दुकान बरं?”

दोन बोटं.

“दुकानात बसलेलं बरं, की कुठेच न बसलेलं बरं?”

निहाराने विचार केला. दोन बोटं.

“निरोप सांगायचीस तेव्हा बरं होतं, की आत्ता बरं आहे?”

हात बराच वेळ मांडीवरच राहिला. मग त्याची मूठ झाली, आणि ती इतकी घट्ट आवळली गेली की सांधे पांढरे पडले. सरांना ते बघवेना. बघवेना म्हणून ते बोलले.

“असं काय विचारतोस तिला?”

“तू मधे बोलू नको. मी श्रोता आहे.”

“माझी मुलगी आहे.”

“मग दिवाळीपासून काय केलंस मुलीचं? उशी दक्षिणेला? मी ऐकलंय सगळं.”

“तू सगळंच ऐकतोस. तेच तर आहे.”

“मी सांगत होतो, भिंत एका विटेची घाल. जाड असती तर या पोरीच्या डोक्यात दोन घरं शिरली नसती.”

“जाड असती,” सर म्हणाले, “तर रेडिओ बंद करून तू काय ऐकलं असतंस?”

दादाचं तोंड उघडं राहिलं. मग ते मिटलं आणि पुन्हा उघडलं, आणि त्यातून मोटर बाहेर आली, आईची काठी कुणी ठेवून घेतली ते बाहेर आलं, आंब्याचं झाड कुणी न विचारता छाटलं ते आलं. सरांनीही काही बाकी ठेवलं नाही. दोघंही निहाराच्या डोक्यावरून बोलत होते, पण तिच्यामार्फत नव्हे. हळूहळू ते पुढे सरकले. आवाज चढले.

“तुला डेंगी झाला तेव्हा दाराशी खिचडी कोण ठेवत होतं?”

“ती तू ठेवत होतास?”

“नाहीतर काय मांजर?”

“मीठ नव्हतं तिच्यात!”

“मीठ मी घातलं होतं, भाऊजी!” भिंत म्हणाली.

मुजावर मॅडमच्या टॅबलेटवर दोन रेघा एकमेकींत गुंतून छतापर्यंत चढल्या होत्या. पण त्या बघत होत्या तिसरी रेघ. जी झोपेतही धावायची ती हळूहळू उतरत होती, संथ होत होती, आणि आता सरळ आडवी झाली होती, दुपारी झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. खोलीत दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि ही मुलगी कुणाच्याच मागे धावत नव्हती. तिच्यावाचून त्यांचं चाललं होतं.

मॅडमना अचानक झोप उडाल्यासारखं झालं. असं कुणी, कुठेच नोंदवलेलं नव्हतं. त्यांनी कोरं पान उघडलं आणि घाईघाईने शीर्षक लिहायला घेतलं: ‘कौटुंबिक अबोला आणि मध्यस्थ बालक: एक नवा सिद्धान्त’.

तेवढ्यात निहाराने सरांच्या बाहीला हात लावला.

“बाबा.”

सगळं थांबलं. दादाचा हात हवेत राहिला, पेटी त्याच्या मांडीवरून घसरता घसरता राहिली. पलीकडे भिंतीला कान टेकल्याचा बारीकसा आवाज झाला. मॅडमचं बोट पडद्यावर टेकलेलंच राहिलं. सर वळले. आता ती जे बोलेल ते आपण शब्दन् शब्द ऐकायचं, आयुष्यभर लक्षात ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांची नाडी कानामागे ठणठणत होती.

निहाराने घसा साफ केला. इतक्या दिवसांनी आवाज जरा खरखरीत निघाला.

“जरा उठता का? माझ्या ओढणीवर बसलायत तुम्ही.”